दौंडहून घोडनदीला, न हिंदकळता

दौंड
१३ जानेवारी २०२५, सोमवार

प्रिय टोनी भाऊजी,
सलाम.

आज सकाळी आईंचं अंग पुसून घेतलं, केस विंचरले. दुधात भाकरी कुस्करून दिली, ती निम्मी खाल्ली. अकराच्या सुमारास डॉक्टर येऊन गेले. दुपारी ऊन चांगलं होतं म्हणून बाजेचं तोंड खिडकीकडे फिरवलं. संध्याकाळी चर्चमधल्या दोघी प्रार्थनेला आल्या होत्या. बाकी विशेष नाही.

पत्र लिहिण्याचं कारण असं की तुम्ही फोन उचलत नाही. प्रिन्सी उचलते, "पप्पा बाहेर गेलेत" म्हणते आणि मागे तुमचा खोकला ऐकू येतो. मुलीला खोटं बोलायला लावू नका. मी यापुढे लिहीत जाईन.

आईंचं खुब्याचं हाड मोडलं हे तिने सांगितलं असेलच. नाताळच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या उंबऱ्याशी पडल्या. या वयात आणि या हृदयावर भूल देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. हाड आहे तसं जपायचं. दुखणं गोळ्यांनी आटोक्यात आहे. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पडल्यापासून आईंचं एकच मागणं आहे. मला घोडनदीला न्या, माझ्या खोलीत. सगळे आता शिरूर म्हणतात, पण त्यांच्या तोंडी घोडनदीच. आज डॉक्टरांपुढेही तेच.

डॉक्टर म्हणाले, "आजी, रस्ता कसा आहे माहितीय ना? हाडाला धक्के बसतील."

"धक्के बसत्याल का हिसके?" आईंनी विचारलं.

डॉक्टर हसले. "त्यात काय फरक आहे, आजी?"

"माझ्या याकोबाला इचारा," आई म्हणाल्या. याकोब गेले हे त्या विसरल्या नव्हत्या. वाक्य पुरं करायला त्यांना दुसरं नाव सापडलं नाही एवढंच.

फरक मला माहीत आहे, म्हणून डॉक्टरांना मी सांगितला. मालगाडीच्या गार्डाची बायको होते मी. इंजिन निघालं की पुढच्या डब्याची साखळी ताणली जाते, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. तो ताण खडाड-खडाड करत मागे येतो आणि शेवटी गार्डाच्या डब्याला बसतो तो हिसका. इंजिनने ब्रेक मारला की डबे एकमेकांवर चढून येतात, तो धक्का. हिसका ओढतो, धक्का ढकलतो. याकोब म्हणायचे, हिसका आधी ऐकू येतो मग बसतो, धक्का आधी बसतो मग कळतो. हिसक्याला माणूस दांडी धरून तयार राहू शकतो.

डॉक्टर म्हणाले, "बाई, मग तुम्हीच ठरवा. मी नेऊ नका म्हणणार नाही. मात्र हाड हललं तर दुखणं आवरणार नाही, आणि तिथून परत आणता येणार नाही."

म्हणून ठरवलं आहे. आईंना शिरूरला आणायचं, आणि न दुखवता आणायचं. तुम्ही एवढंच करायचं. त्यांची खोली रिकामी करा. प्रिन्सीची सायकल आणि तुमचं व्यायामाचं सामान तिथे असतं, ते हलवा. बाजेचं डोकं पूर्वेच्या भिंतीकडे असू द्या, पूर्वी होतं तसं.

दफनभूमीत त्या दिवशी झालं त्याबद्दल आज लिहीत नाही.

अंजनाला आणि प्रिन्सीला आशीर्वाद.

दबोरा


दौंड
२३ जानेवारी, गुरुवार

प्रिय भाऊजी,
सलाम.

तुमचं कार्ड सोमवारी मिळालं. आजकाल पोस्टकार्ड मिळतं हेच मला नवल वाटलं. "रस्ता खराब. आईला त्रास होईल. तिथेच ठेवा." तीन वाक्यं. पोलिसाच्या वायरलेससारखं वाटलं. आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय अजून."

रस्ता खराब आहे की नाही ते कार्डावरून कळणार नाही, म्हणून मी तो जाऊन पाहिला. आमच्या मागच्या गल्लीत सिद्दीक राहतो. त्याची स्वतःची अॅम्ब्युलन्स आहे, व्हॅनचीच केलेली. त्याचे आजोबा दौंड स्टेशनवर टांगा हाकायचे, तुम्हाला आठवत असतील, पांढऱ्या घोडीचे. त्याला म्हटलं, पेशंट नेण्याआधी मला एकदा मोकळ्या गाडीतून जाऊन यायचंय.

"मोकळ्या कशाला मावशी, तुम्ही झोपा की स्ट्रेचरवर," तो म्हणाला.

"मला नको. पाण्याला झोपवू."

आईंचा पितळी तांब्या घेतला, गळ्यापर्यंत भरला आणि आईंचा खुबा जिथे येईल तिथे स्ट्रेचरवर चौकोनी उशीच्या खोबणीत बसवला. मी शेजारी बसले. सिद्दीकची बायको फरीदा दारात उभी राहून हसत होती. "अवो मावशी, तांब्याला सलाईन लावा म्हणावं!"

मंगळवारी सकाळी निघालो. चौफुल्यापर्यंत हायवे, तिथे काही नाही. चौफुल्याहून उजवीकडे वळलो आणि सुरू झालं. पहिल्या गतिरोधकावर गाडी वर गेली आणि आपटली. तो गचका. मला वाटलं, सांडला तांब्या. दोन थेंब सांडले असतील नसतील. पुढे पारगावच्या पुलावर सांध्यासांध्याला ठोके बसले. पाण्यावर नुसते गोल उठले आणि विरले.

पूल ओलांडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि तिथे खरं काय ते कळलं. उसाच्या ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर. त्यांच्या ट्रेलरांनी डांबराला चाकोऱ्या पाडल्यात. गाडीचं एक चाक चाकोरीत, एक वर. गाडी काही आपटत नव्हती, नुसती डुलत होती, डावीकडे, उजवीकडे. याकोब याला हेलकावा म्हणायचे. माणसाला तो बरा वाटतो, झोप येते. पण तांब्यातलं पाणी आधी थोडं हललं, मग जास्त, मग काठाला लागलं आणि दर हेलकाव्याला उशीवर सांडायला लागलं. गाडी जेमतेम सायकलच्या वेगाने चालली होती.

"सिद्दीक, हे सांडतंय."

"आता याच्याहून हळू कसं चालवू, मावशी?"

"मग जोरात चालव."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग थोडा वेग वाढवला. गाडी जास्त थरथरली, पण डुलणं मोडलं. पाणी खाली बसलं.

सिद्दीकने पुढचा ट्रॅक्टर मागे टाकला. मग म्हणाला, "आमचे दादा, टांगेवाले आजोबा, हेच सांगायचे. आजारी माणूस टांग्यात असेल तर घोडीला दुडकीत घ्यायचं न्हाई. एकतर चालवायची, न्हाईतर रवाल. दुडकी सगळ्यात वाईट. ना हळू ना जोरात, माणसाची आतडी हलवती."

रवाल म्हणजे काय ते मी विचारलं. तो म्हणाला, घोडीची सपाट चाल, पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडायचा नाही, असं दादा म्हणायचे. सगळ्या घोड्यांना ती येत नाही, काहींना शिकवावी लागते.

घरी आल्यावर आईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मिशनच्या दवाखान्यात होते तवा आमी केंदूरवरनं अडलेल्या बाया बैलगाडीतनं आणायचो. तवा मीबी गाडीवानाला हेच सांगायचे, दुडकी नको रं बाबा." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमचा टोन्या रोज सकाळी रस्त्यानं काय करतो? ते काय म्हन्त्यात, जॉगिंग. ती दुडकीच की."

याकोबही तेच म्हणायचे. तुमचा फोन सकाळी लागला नाही की "दुडकीला गेला असेल" म्हणायचे. तुम्हाला कधी सांगितलं नाही कारण तुम्हाला राग आला असता. आता येऊ दे.

तात्पर्य, रस्ता खराब आहे पण तो कसा खराब आहे ते आता आम्हाला ठाऊक आहे. गतिरोधकाला थांबून घ्यायचं, पुलावर काही करायचं नाही, चाकोरीत हळू जायचं नाही. ट्रॅक्टर रविवारी कमी असतात, पण रविवारी उपासना असते, म्हणून शनिवारी सकाळी लवकर. आईंना त्रास होईल हे कारण तुम्ही कार्डावर लिहिलंत, त्याचं हे उत्तर. दुसरं कारण असेल तर तेही लिहा.

दबोरा


दौंड
२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय भाऊजी,
सलाम.

उपासनेहून आत्ताच आले. पाळकांनी आईंसाठी प्रार्थना केली. दुपारचा स्वयंपाक अजून व्हायचा आहे.

तुम्ही दुसरं कारण लिहिलं नाही. प्रिन्सीचा फोन आला. खोली रिकामी केली असं म्हणाली. सायकल पडवीत ठेवली आणि बाजेचं डोकं पूर्वेला आहे. तिने मग हळू आवाजात विचारलं, "मोठी आई, पप्पा विचारतायत, गाडी दारापर्यंत येणार नाही, मग काय करणार?" मी म्हटलं, पप्पांना पत्रातून सांगते. म्हणून हे पत्र.

गाडी तुमच्या दारापर्यंत येणार नाही हे मला माहीत आहे. चर्चच्या मागच्या फाटकाशी थांबेल, तिथून बोळ. बोळात स्ट्रेचर चौघांनी न्यावं लागेल. तिथेच माझं काम आहे तुमच्याशी.

दफनभूमीत काय झालं ते आता लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. याकोबांची पेटी चर्चमधून तुम्ही आणि राखीव पोलीस दलातल्या तुमच्या जुन्या सोबत्यांनी उचललीत. सहा माणसं, एकाच उंचीची, ताठ. तुम्ही पुढे. डावा, उजवा, डावा, उजवा. सहाही जणांचं पाऊल एकदम पडत होतं. लोकांना ते फार चांगलं वाटलं. मलाही कळलं होतं की तुम्ही भावाला मान देताय, तुम्हाला येत असलेला सगळ्यात मोठा मान. पण दर पावलाला पेटी उसळत होती. सहा जण एकदम खाली, सहा जण एकदम वर. मी मागे चालत होते. मला पेटीत त्यांचं अंग आपटल्याचा आवाज ऐकू येत होता. तुम्हाला बुटांच्या आवाजात ऐकू आला नसेल.

म्हणून मी ओरडले. "ताल मोडा."

बाई माणूस अंत्ययात्रेत ओरडली, आणि तेही नवऱ्याच्या पेटीमागून. सगळे थांबले. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत, तुमचा कोपरा लोकांत चालणाऱ्या हनुमंताला, तुमच्या शिरूरच्या शेजाऱ्याला, दिलात आणि फाटकाबाहेर निघून गेलात. मातीही दिली नाहीत. आमचा रॉनी मस्कतहून आला होता, त्याला पहिली मूठ टाकताना काका कुठे आहेत हे कळेना.

मी माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही. पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा ओरडेन. पण का ओरडले ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही, तेवढं सांगायचं राहिलं.

रेल्वेत गार्डांना प्रथमोपचार शिकवतात. याकोबांनी ते शिक्षण दर वेळी मन लावून घेतलं. घरी येऊन मला आणि लहान रॉनीला शिकवायचे. बाजेला दोन काठ्या बांधायच्या, वर उशी ठेवायची आणि चौघांनी उचलायची. चौथी म्हणून शेजारची धुरपदा यायची. आम्ही तिघं सारखं पाऊल टाकायचो, लेफ्ट-राईट, आपोआप तसंच पडतं. ते म्हणायचे, "परेड करू नका. माणूस वाहताना ताल मोडायचा. एकाने डावा टाकला की त्याच्या मागच्याने उजवा. मग एक बाजू खाली जाते तेव्हा दुसरी सावरते." रॉनी म्हणायचा, "पप्पा, उशीला काय होतंय?" ते म्हणायचे, "उशीला होत नाही म्हणून तर उशीवर शिकायचं." घराभर आम्ही ती उशी नेली आहे. धुरपदा हसून हसून खाली बसायची.

हे त्यांनी तुम्हाला का शिकवलं नाही, मला माहीत नाही. तुम्ही परेडमध्ये पहिले यायचा, त्याचा त्यांना अभिमान होता. कदाचित म्हणूनच.

आणखी एक. रिटायर झाल्यावर त्यांना झोप लागत नसे. सगळा जन्म हलत्या डब्यात गेलेला, स्थिर बाजेवर डोळा मिटला की दचकून उठायचे. दचका मात्र गाडीचा नसतो, तो माणसाच्या आतून येतो. मग मी माझ्या बाजेवरून पाय लांब करून त्यांची बाज हळूहळू हलवायचे, तेव्हा झोपायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे मला हलवणं आवडत नव्हतं असं नाही. मला उसळवणं सहन झालं नाही.

मागच्या आठवड्यात वाचनालयात गेले होते. मोठा शब्दकोश मागितला. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, कोणता शब्द. मी म्हटलं, बरेच आहेत. सिद्दीकचा 'रवाल' सापडला, 'रहवाल' असा. फारसीतला आहे, राहवार, म्हणजे वाटेला चांगला. 'कदम' अरबी, त्याचा अर्थ नुसतं पाऊल. तुमचा कदमताल त्यातला. 'डोली' आणि 'डोलणे' संस्कृतातल्या दोला शब्दावरून, म्हणजे झोका. पण 'दुडकी' पाहिली तर दुडदुड या आवाजावरून. गचका, हिसका, खडखड यांच्यापुढेही असंच काहीसं किंवा काहीच नाही. मला ते बरं वाटलं. चांगल्या चालीची नावं लांबून आणावी लागली. हिसके-गचके इथेच बसले आणि ज्याला बसले त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तोच शब्द झाला. याकोबांना हे सांगायला आवडलं असतं. ते कोशात कधी पाहत नसत, पण "हा शब्द कुठून आला असेल गं" हे नेहमी विचारायचे आणि मी "मला काय माहीत" म्हणून भाजी चिरायचे.

तर आता काम. शनिवारी, आठ तारखेला आम्ही येतो. तुम्ही उत्तर दिलंत तरी येतो, नाही दिलंत तरी येतो. फाटकापासून खोलीपर्यंत चौघं लागतील. सिद्दीक एक. हनुमंताला मी फोन केला, तो हो म्हणाला. तिसरी मी. आई आता वाळलेल्या शेंगेइतक्या हलक्या झाल्यात, मला जड नाहीत. पुढचा उजवा कोपरा मोकळा ठेवते. तिथे तुम्ही यावं असं मला वाटतं, आणि आईंना वाटतं. तुम्ही नाही आलात तर अंजना येईल, तिला विचारून ठेवलं आहे.

पण आलात तर ताल मोडावा लागेल.

दबोरा


दौंड
१० फेब्रुवारी, सोमवार

प्रिय भाऊजी,
सलाम.

परवा निघताना तुम्ही फाटकाशी म्हणालात, "वहिनी, पत्र लिहीत जा. फोनवर मला बोलता येत न्हाई." म्हणून लिहिते. तुम्ही पुढे होतात, पाठ आमच्याकडे. तुमच्या मागे काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नाही, आणि नंतर सगळे आईंभोवती होते, कुणी सांगितलं नसेल.

आधी रस्त्याचं. उजाडताच निघालो. फरीदाने स्वतःची जाड गोधडी खाली घालायला दिली. आईंना गोळी दिली होती, पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. चौफुल्याला वळलो तेव्हा म्हणाल्या, "तांब्या कुठाय?"

मी तांब्या प्यायला म्हणून सोबत घेतला होता. "पाणी हवं का, आई?"

"प्यायला न्हाई. माझ्यापाशी द्या. ह्याचं ड्रायव्हिंग बघते."

सिद्दीक पुढून म्हणाला, "आजी, माझी परीक्षा घेता का?"

"मग? तुझ्या आज्याच्या टांग्यात बसलीय मी. त्याची घोडी शानी होती, तुझं अजून ठरायचंय."

त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या पोटावर धरला. गतिरोधक आला की सिद्दीक "आजी, गचका!" म्हणून ओरडायचा आणि त्या "येऊ दे" म्हणायच्या. न्हावऱ्याच्या अलीकडे चाकोऱ्या लागल्या तसा त्याने वेग वाढवला. आई म्हणाल्या, "हां. आता घोडी लागली चालीला." खुबा एकदाच दुखला, मागून ट्रकने हॉर्न दिला आणि सिद्दीकने दचकून ब्रेक दाबला तेव्हा. त्यांनी दात आवळले. मी विचारलं, "हिसका का?" त्या म्हणाल्या, "धक्का." एवढंच.

फाटकाशी पोचलो तेव्हा हनुमंत आणि अंजना उभे होते. तुम्ही नव्हतात. मी अंजनाला म्हटलं, पुढे उजवीकडे ये. तिने पदर खोचला. तेवढ्यात तुम्ही बोळातून आलात, अंगात ट्रॅकसूट, बूट धुळीने भरलेले. दुडकीवरून सरळ आला असाल. माझ्याकडे पाहिलं नाहीत. अंजनाला बाजूला केलंत आणि दांडा धरलात. मी मागे गेले.

आईंनी तांब्या सोडला नाही. मी म्हटलं, "आई, आता द्या." त्या म्हणाल्या, "राहू दे. अजून पोचले न्हाई."

उचललं. तुम्ही पुढे उजवे, हनुमंत पुढे डावा, तुमच्या मागे सिद्दीक, हनुमंताच्या मागे मी. आणि तुम्ही आणि हनुमंत, दोघांचीही हयात राखीव दलात गेलेली, पहिलंच पाऊल एकदम टाकलंत. डावा. उजवा. आम्ही दोघं मागचे तुमच्या बुटांच्या आवाजाने आपोआप त्यातच गेलो. मी ताल मोडायचं म्हणून आले होते आणि माझाही पाय तुमच्याबरोबर पडत होता. चौथ्या-पाचव्या पावलाला तांब्यातलं पाणी हिंदकळून आईंच्या हातावर आलं, मग गोधडीवर. आईंचा चेहरा आवळला. मी तोंड उघडलं, पण या वेळी माझ्या तोंडून शब्द निघेना. मला वाटलं, मी बोलले तर तुम्ही दांडा सोडाल आणि या वेळी पेटी नाही, आई आहेत.

आईच बोलल्या. "टोन्या, परेड हाय व्हय रं ही?"

तुम्ही थांबलात. आम्ही सगळे थांबलो. बोळात एक कोंबडी होती ती पळाली. तुमची पाठ मला दिसत होती, मानेवर घाम. मला वाटलं आता हा माणूस पुन्हा जाणार. मग तुम्ही परेड ग्राउंडवर द्यायचा तसा हुकूम दिलात, पण हळू आवाजात.

"ताल मोडा."

हनुमंत म्हणाला, "म्हंजी कसं, साहेब?"

"मी डावा टाकतो, तू उजवा. मागचे आमच्या उलटे. सिद्दीकभाई, माझ्या पायाकडं बघू नका. वहिनींना म्हाईत हाय."

मग आपण चाललो. आधी वेडंवाकडं, चार दारुड्यांसारखं. हनुमंत सारखा चुकत होता आणि स्वतःला शिव्या देत होता. पण स्ट्रेचर सपाट गेलं. तुम्हाला दिसलं नाही म्हणून सांगते, फाटकापासून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत तांब्यातलं पाणी पुन्हा काठाला लागलं नाही. आईंनी डोळे मिटले होते. दौंडहून निघाल्यापासून पहिल्यांदा. उंबरा ओलांडताना मला वाटलं, झोपल्या की काय.

खोलीत ठेवल्यावर त्यांनी भिंत बघितली, खिडकी बघितली. म्हणाल्या, "रंग कुनी दिला?" अंजना म्हणाली, ह्यांनीच, परवा. त्या म्हणाल्या, "हिरवा चांगला होता." नाव ठेवलं म्हणजे पसंत आहे.

तुम्ही नंतर परसात जाऊन नळाखाली तोंड धुतलंत, बराच वेळ. मी आत चहा घेत होते. आत आलात तेव्हा मी तुम्हालाही कप दिला. मग परतताना चर्चच्या फाटकाशी तुम्ही एकदम म्हणालात, "त्या दिवशी आतून आवाज येत होता, मलाबी आला होता. मला वाटलं, मोठ्यानं पाऊल टाकलं की येणार न्हाई." आणि वळून गेलात. मी गाडीत बसले. सिद्दीकने विचारलं, काय झालं मावशी, मी म्हटलं काही नाही, चल.

तेव्हा मला हे माहीत नव्हतं, भाऊजी. आता आहे. यापुढे त्याबद्दल आपण दोघांनी काही बोलायची गरज नाही.

याकोबांच्या कबरीवर अजून दगड बसवलेला नाही. वर्ष भरल्यावर बसवतात तसा ऑक्टोबरात बसवू. मजकूर तुम्ही ठरवा, अक्षर तुमचं चांगलं आहे. 'झोपी गेले' असं मात्र नको. का ते तुम्हाला मागच्या पत्रात लिहिलं आहे. त्याआधी एकदा इकडे या आणि माती द्या. दफनभूमीचं फाटक उघडंच असतं.

आईंच्या सकाळच्या गोळ्या जेवणानंतर, रात्रीची दुधाबरोबर. कुशीवर वळवताना खुब्याखाली उशी धरून वळवायचं, अंजनाला दाखवलं आहे. मी पंधरवड्याने येईन. सिद्दीक म्हणतो, आता त्याची गाडी रस्ता ओळखते.

निघताना आईंनी तांब्या मला परत दिला. "इथं दुसरा हाय. हा तुझ्या घरचा," म्हणाल्या. परतीला तो मी मांडीवर धरून बसले होते. घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. आईंची बाज रिकामी होती, तिच्यावरची चादर काढून भिजत घातली. तांब्यात अजून तळाला पाणी होतं. ते मागच्या दारातल्या गुलाबाच्या कुंडीत ओतलं. मग चिंचेचं बुटुक घेऊन तांब्या घासला, विसळला आणि ओट्यावर पालथा घातला.

दबोरा